व्हर्नची शेवटची बिअर

डॉक्टरांनी व्हर्नला दोन महिने दिले होते आणि बिअरला लागणार होते पाच आठवडे. त्यामुळे व्हर्नच्या मते सगळं अगदी वेळेत बसत होतं.

"माझ्या शोकसभेला लोकांनी माझ्या हातची बिअर प्यायची," त्याने रवींद्रला सांगितलं. "फक्त या वेळी हात तुझे."

रवींद्र लगेच हो म्हणाला. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका छोट्याशा गल्लीत, दोघं सतरा वर्षं शेजारी होते. व्हर्नने आयुष्यभर लोकांच्या घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि एसी दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर तो दर हिवाळ्यात आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून झाला की न विचारता रवींद्रच्या ड्राइव्हवेवर मशीन वळवायचा. अशा माणसाने मरताना एक काम सांगितलं तर नाही कसं म्हणायचं? अडचण एवढीच होती, की रवींद्रने अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात बिअरचा एक थेंबही घेतला नव्हता. ऑफिसच्या पार्टीत तो जिंजर एलचा, म्हणजे आल्याच्या गोड सोड्याचा, ग्लास हातात धरून कोपऱ्यात उभा असायचा आणि सगळ्यांच्या आधी निघायचा.

पहिली शनिवार सकाळ व्हर्नच्या गराजमध्ये गेली. व्हर्न घडीच्या खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून बसला होता. त्याचं वजन इतकं उतरलं होतं, की ब्लँकेटच्या आत कोणी आहे की नाही अशी शंका यावी. खुर्चीतूनच तो हुकूम सोडत होता. शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचे दोन डबे फोडले. मोड आणलेल्या जवाचा तो आटवलेला पाक दिसायला थेट काकवीसारखा होता आणि काकवीसारखाच चमच्याला, मनगटाला, चष्म्याला चिकटत होता. मग कडू हॉप्सच्या हिरव्या गोळ्या, तासभर उकळी, गार करणं, यीस्ट, आणि सगळं एका पांढऱ्या झाकणाच्या बादलीत.

"बादली तुझ्या बेसमेंटमध्ये ने," व्हर्न म्हणाला. "आता वासाने मला उलटी होते. आणि रोज झाकण उघडून बघत जा. जरा ढवळ. नुसतं ठेवून दिलं तर तिला वाटतं आपण विसरलो."

रवींद्र एका विमा कंपनीत सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. रोज बघ म्हटल्यावर तो रोज दोनदा बघायला लागला, शनिवार-रविवारी तीनदा. त्याने एक्सेल शीट केलं. फेसाची उंची, रंग, वास. वासाच्या रकान्यात तो 'वाईट' एवढंच लिहायचा, कारण त्याला बिअरचा वास मुळातच वाईट वाटायचा. ढवळायला त्याने स्वयंपाकघरातला आमटीचा डाव नेला होता.

रोज ऑफिसहून आला की पाच वाजता तो व्हर्नकडे जायचा. हॉलमध्ये आता हॉस्पिटलचा पलंग आला होता.

"बिअर कशी आहे?" व्हर्न विचारायचा.

"मजेत."

"माझ्याविषयी काही म्हणाली?"

"लवकर बरं व्हायला सांगितलंय."

"तिलाही काही कळत नाही," व्हर्न म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

चौदाव्या दिवशी रवींद्रने झाकण उघडलं तर वर पांढरी, सुरकुतलेली साय. लोणच्यावर बुरा धरतो तशी. त्याने ती डावाने काढली. संध्याकाळपर्यंत परत आली. एक्सेलमधल्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने स्टीलच्या डब्यात थोडी बिअर भरली आणि कोलंबसमधल्या बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात गेला.

गल्ल्यावर पन्नाशीची एक बाई होती. तिच्या दंडावर गव्हाच्या ओंब्या गोंदलेल्या होत्या. तिने डबा उघडला, वास घेतला, एक घोट तोंडात धरला आणि शांतपणे मागच्या सिंकमध्ये थुंकली.

"व्हिनेगर," ती म्हणाली. "आणि ओला पुठ्ठा. झाकण कितीदा उघडलंत?"

"एकूण बत्तीसदा. लिहून ठेवलंय."

बाईने डबा बंद करून त्याच्याकडे सरकवला. "हे आता काहीही केलं तरी सुधारणार नाही. तुम्हाला हवं असेल तर सॅलडवर घाला."

घरी येऊन रवींद्र बेसमेंटमध्ये बादलीपाशी स्टुलावर बसून राहिला. वरून त्याची बायको शैलजा आली. शैलजाला या प्रकरणातलं सगळं माहीत होतं, पण दोन आठवडे तिने बेसमेंटमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिचे वडील दारूपायी गेले होते. अकोल्याच्या घरात लहानपणी संध्याकाळी दाराची कडी वाजली, की ती आणि तिची बहीण आधी पावलांचा आवाज ऐकायच्या आणि मग ठरवायच्या, दार उघडायचं की कॉटखाली जायचं. लग्नाच्या वेळी तिने रवींद्रला एकच अट घातली होती.

"अहो, जेवायचं नाही का?"

"मी बिघडवली, शैलजा. त्याने रोज एकदा बघ म्हटलं होतं, मी दोन-दोनदा बघत बसलो. माणूस मरतोय आणि मी त्याची शेवटची बिअर नासवली."

"मग सांगा त्याला."

"कसं सांगू? रोज विचारतो. तेवढंच विचारतो."

शैलजाने पदर नाही म्हणून ओढणी नाकाला लावली आणि बादलीत डोकावली. मग कोपऱ्यातल्या डावाकडे तिची नजर गेली.

"हा आमटीचा डाव?"

"धुतला होता मी."

"धुतला म्हणजे ओलाच घातलात! लोणच्याच्या बरणीत कोणी ओला चमचा घालतं का?" ती कडाडली. मग तिने डाव उचलून सिंकमध्ये टाकला. "आई गेली तेव्हा," ती म्हणाली, "सगळं बंद होतं. विमानं नाहीत, काही नाही. आपण अंगणात फोनवर अग्नी बघत होतो. व्हर्न कुंपणापलीकडे येऊन उभा राहिला होता. टाय लावून. शेवटपर्यंत."

रवींद्रने मान हलवली.

"ओता हे सगळं. आणि उद्या दुकान उघडलं की दोन डबे आणा. मी करते. चाखणार नाही, सांगून ठेवते. पण करते."

त्यांनी पाच गॅलन बिअर बेसमेंटच्या सिंकमध्ये ओतली. वास दोन दिवस गेला नाही.

शैलजाने दुसरी बिअर केली ती पहिल्यांदा पापडाचं पीठ करायला बसलेल्या सुनेसारखी. पाकिटावरची सूचना तीनदा वाचली. पातेलं, झारा, बादली, झाकण, सगळं आधी घासलं, मग दुकानातल्या बाईने दिलेल्या औषधाच्या पाण्यात बुडवलं. हातमोजे घातले. रवींद्रला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि तिथून फक्त वेळ सांगायला लावली. बादली बंद झाल्यावर झाकणावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर स्केचपेनने 'हात लावू नये' असं लिहिलं, बेसमेंटला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

"निदान एकदा बघून—"

"नाही."

दुसऱ्याच दिवशी पाच वाजता व्हर्न म्हणाला, "रवी, उद्या चमचाभर घेऊन ये ना. बाटलीत जायच्या आधीची चव बघतो."

बेसमेंटमध्ये होतं ते एक दिवसाचं गोड पाणी. "अजून तयार नाही," तो म्हणाला. "कच्ची आहे. पोटाला बाधेल तुझ्या."

व्हर्नच्या स्वादुपिंडापासून यकृतापर्यंत सगळं पोखरलेलं होतं. तो इतका हसला, की शेजारच्या खोलीतून नर्स धावत आली. "याला वाटतं, माझ्या पोटाला बाधेल," तो तिला सांगत राहिला. हसता हसता त्याला धाप लागली, मग मॉर्फिन द्यावं लागलं. नंतरच्या दिवसांत त्याने बिअरविषयी विचारणं सोडून दिलं. मग बाकीचंही विचारणं सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी तो गेला. त्याची बायको लोर्ना तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा एक महिना आधी.

रवींद्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडला. चमचाभर मागितली होती. काहीतरी न्यायचं होतं. आलं घातलेलं साखरेचं पाणी नेलं असतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी लोर्ना दारात आली. "शोकसभा दोन आठवड्यांनी, शनिवारी. आमच्याच गराजमध्ये. बिअर होईल ना?"

"होईल," रवींद्रच्या मागून शैलजा म्हणाली.

बिअर बाटल्यांत भरेपर्यंत मंगळवार उजाडला. आता बाटलीत भरल्यावर तिला गॅस धरायला दोन आठवडे हवेत आणि हातात होते अकरा दिवस. रवींद्रने दुकानातल्या बाईला फोन केला. ती म्हणाली, उबेत ठेवा, म्हणजे लवकर धरेल. बेसमेंट थंड होतं. ऑक्टोबर लागला होता, गराज त्याहून थंड. घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे पाहुण्यांची खोली. शैलजाने अठ्ठेचाळीस बाटल्या पाहुण्यांच्या पलंगावर एकीशेजारी एक आडव्या निजवल्या, खाली विजेचं ब्लँकेट, वर आईच्या हातची गोधडी. तिन्ही बाजू नीट खोचल्या.

"रात्री एकदा बघू का—" रवींद्र म्हणाला.

"तुम्ही त्या खोलीत जायचं नाही."

नवरात्रातला भोंडला त्या वर्षी शैलजाकडे होता. हे सहा महिन्यांपूर्वी ठरलं होतं आणि या गडबडीत ती ते रद्द करायला विसरली होती. रविवारी दुपारी बावीस बायका आल्या. फेर धरले, खिरापत ओळखली. बाहेर गारठा असल्यामुळे सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं होती आणि अमेरिकेतल्या कुठल्याही घरात जॅकेटं कुठे टाकायची हे विचारावं लागत नाही. सुवर्णाने दोन हातांत सात जॅकेटं घेतली, पाहुण्यांच्या खोलीत गेली आणि पलंगावर टाकली.

खण्णकन आवाज आला.

सुवर्णा महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी होती. आवाज कुठून आला याचा छडा लावणं तिला कर्तव्य वाटलं. तिने गोधडी वर केली. अठ्ठेचाळीस तपकिरी बाटल्या, ओळीने, उबदार.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका सहानुभूतीने भरलेला होता, की शैलजाला वाटलं, फोनवर कोणी गेल्याचं कळलं.

"शैलजा, तू काही बोलू नकोस," सुवर्णा तिचा हात धरून म्हणाली. "मला सगळं समजलं."

"काय समजलं?"

"रवींद्रना कधीपासून आहे हे?"

"अगं, ते शेजाऱ्याच्या मयताला—"

"रडू नकोस."

"मी रडत नाहीये!" शैलजा म्हणाली आणि खरोखरच तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दुसऱ्या खोलीत बाटल्यांवरची गोधडी उघडी पडली होती आणि ऊब जात होती.

सोमवारपासून फोन सुरू झाले. मंडळाचा अमित रवींद्रला म्हणाला, "काका, जज नाही करत आहे. पण आपल्याकडे एक सपोर्ट ग्रुप आहे. झूमवर असतो. कॅमेरा ऑफ ठेवला तरी चालतो."

"अरे, मी पीत नाही."

"हो काका, पहिल्या मीटिंगला सगळे हेच म्हणतात."

मुलगी हिमानी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होती. तिचा फोन आला. "बाबा, आर यू ओके? सुवर्णाकाकूने सांगितलं यू आर ब्रूइंग इन द गेस्ट रूम. इज मॉम सेफ?"

"तुझी मॉमच करतेय!" रवींद्र ओरडला. मग हिमानीने आपण थँक्सगिव्हिंगच्या आधीच येतो असं सांगितलं.

मंगळवारी मंडळाच्या माजी अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग आवाज खाली आणून विचारलं, "दोन-तीन बाटल्या मिळतील का? हिला कळता कामा नये."

शैलजा या सगळ्यात एका शब्दाने कोणाला खुलासा द्यायला गेली नाही. तिने फक्त तीन दिवस आधी बाटल्या उचलून गराजमध्ये उभ्या केल्या, गाळ खाली बसावा म्हणून. गोधडी धुतली. आणि रात्री जेवताना एकदाच म्हणाली, "बाबा गेले तेव्हा मी बाटल्या मोजून मोजून फोडल्या होत्या. आता मोजून मोजून भरतेय."

शनिवारी व्हर्नच्या गराजमध्ये चाळीसएक माणसं आली. भिंतीवर त्याची हत्यारं जशीच्या तशी टांगलेली होती. टेबलावर त्याचा फोटो होता, हातात मोठा मासा धरलेला. पाद्रीबाई चार शब्द बोलल्या. मग लोर्नाने बाटल्या उघडल्या आणि प्लॅस्टिकच्या ग्लासांत ओतायला सुरुवात केली. फस्सकन फेस आला तेव्हा शैलजाने रवींद्रचा दंड इतका घट्ट पकडला, की नंतर तिथे निळं झालं.

रवींद्रला एक गोष्ट विचित्र वाटली. लोक ग्लास हातात घेत होते ते काढा घेतात तसे. व्हर्नचा थोरला भाऊ एल्मर याने ग्लास घेतल्यावर दुसऱ्या हातात पाण्याची बाटली धरून ठेवली. एका म्हातारीने शेजारणीकडे बघून डोळे मिटले आणि मान हलवली, जणू एकदाचं होऊन जाऊ दे.

"व्हर्नसाठी," एल्मर म्हणाला.

"व्हर्नसाठी," सगळे म्हणाले आणि प्यायले.

कोणी हलेना. एल्मरने ग्लासात डोकावून बघितलं, आणखी एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा पडला. म्हातारीने डोळे उघडले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"गेलं," रवींद्र मराठीत पुटपुटला. "हीसुद्धा नासली."

"हे व्हर्नचं नाही," एल्मर मोठ्याने म्हणाला.

लोर्ना ग्लास घेऊन रवींद्रसमोर येऊन उभी राहिली. "रवी, ही कोणी केली?"

रवींद्रने सगळं सांगितलं. चाळीस माणसांसमोर, जिंजर एलचा ग्लास हातात धरून. बादली, साय, बत्तीस वेळा उघडलेलं झाकण, दुकान, सिंक. व्हर्नने चमचाभर मागितली होती, ते मात्र सांगितलं नाही. "मला माफ कर," तो म्हणाला. "मी त्याची बिघडवली. ही शैलजाने केलीय. हीही बिघडली असेल तर..."

"बिघडली?" लोर्ना म्हणाली. "रवी, ही चांगली आहे."

"म्हणजे?"

"व्हर्न एकतीस वर्षं बिअर करत होता. एकदाही पिण्यासारखी झाली नाही."

आधी एल्मर हसला. मग म्हातारी. मग कोणीतरी सांगितलं, की त्याने दर ख्रिसमसला व्हर्नची बाटली हायड्रेंजियाच्या मुळाशी ओतली आणि चौथ्या ख्रिसमसला झाड मेलं. कोणी म्हणालं, चर्चच्या सहलीत त्या बिअरने गटारातल्या गोगलगायी मारल्या होत्या. सतरा वर्षांत व्हर्नने रवींद्रलाही कितीदा आग्रह केला होता, आणि आपण पीत नाही म्हणून तो सुटला होता. गराजमध्ये आता हशा पिकला होता. लोक व्हर्नच्या फोटोकडे बघून हसत होते आणि डोळे पुसत होते.

लोर्ना मात्र हसत नव्हती.

"मी सकाळपासून तयारी करत होते," ती म्हणाली. "की आज शेवटचं ते घशाखाली उतरवायचं. तोंड वाकडं न करता. एकतीस वर्षं जमलं होतं." तिने रवींद्रकडे बघितलं. "तू ओतून दिलीस ती कशी लागत होती?"

"मी चाखली नाही. दुकानातली बाई म्हणाली, व्हिनेगर. आणि ओला पुठ्ठा."

लोर्नाने डोळे मिटले. "हो," ती म्हणाली. "ओला पुठ्ठा." आणि मग, व्हर्न गेल्यापासून पहिल्यांदाच, ती सगळ्यांसमोर रडली. शैलजाने तिला जवळ घेतलं आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. रवींद्रला चमचाभर मागणारा व्हर्न आठवला आणि हातातल्या ग्लासाचं काय करावं ते कळेना.

अठ्ठेचाळीस बाटल्या पाऊण तासात संपल्या. व्हर्नच्या घरात आजवर कोणी दुसरा ग्लास मागितला नव्हता, त्यामुळे किती लागेल याचा कोणाला अंदाजच नव्हता. एल्मरने शैलजाला विचारलं, की ती विकते का. शैलजाने इतक्या जोरात नाही म्हटलं, की तो दोन पावलं मागे सरकला.

निघताना लोर्ना दोघांना ड्राइव्हवेपर्यंत सोडायला आली. नाक लाल, पण आवाज ठीक झाला होता.

"पुढच्या वर्षी याच दिवशी पुन्हा सगळ्यांना बोलावणार आहे," ती म्हणाली. "सामान इथंच आहे, डबे मी आणून ठेवीन. शेल, तू फार छान केलीस. पण पुढच्या वेळी प्लीज तू जवळपासही फिरकू नकोस. एकट्या रवीला करू दे."

शैलजाने रवींद्रकडे बघितलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात त्याच्या हातचं काही आपणहून कोणी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यालाही आठवत नव्हतं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"करतो," तो म्हणाला.